हिरव्या नरकात स्विफ्ट

भाड्याच्या गाडीबद्दल गोव्यातल्या माणसाला कोणी काही शिकवू नये, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आम्ही धारगळचे. गावातून राष्ट्रीय महामार्ग 66 जातो, सुकेकुळणला मोपा विमानतळाचा फाटा फुटतो, आणि 2023 च्या जानेवारीत तिथून विमानं उडायला लागल्यापासून काळ्या पाटीवर पिवळे आकडे मिरवणाऱ्या भाड्याच्या गाड्या इतक्या जातात, की आमचा कुत्रासुद्धा आता त्यांच्यावर भुंकायचे कष्ट घेत नाही. त्या गाड्यांतले पाहुणे उजवा इंडिकेटर देऊन डावीकडे वळतात, कोलवाळच्या पुलावर मध्येच थांबून शापोरा नदीचे फोटो काढतात, आणि आमच्याच तालुक्यातल्या मोरजीला पोचले की गाडी थेट वाळूत घालतात. मग भरती येते, चाकं रुततात, ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि आम्ही हाताची घडी घालून ‘गाडी घेताना काय लिहिलंय ते वाचतात की नाही ही माणसं?’ असं एकमेकांना विचारतो. हे सगळं मी मन लावून पाहिलं होतं, पोट धरून हसलो होतो, आणि हसण्यातूनच माणूस तज्ज्ञ होतो असा माझा विश्वास होता. तेव्हा जर्मनीत जाऊन एक गाडी भाड्याने घेणं म्हणजे माझ्या दृष्टीने काहीच नव्हतं.

काहीच नसलेल्या त्या गोष्टीवर बायको अजून हसते आहे.

मूळ दोष भाच्याचा. तो कोलोनजवळ नोकरीला आहे, आणि एकदा फोनवर सहज म्हणाला, “मामा, इथून तास-दीड तासावर नुरबुर्गरिंग आहे. तुम्ही आलात की दाखवतो.” रात्री टीव्हीवर मोटारींच्या शर्यती बघत सोफ्यावरच ब्रेक दाबणाऱ्या माणसाला हे असं काही सहज सांगू नये. आयफेलच्या डोंगराळ, गरीब भागातल्या बेकार हातांना काम मिळावं म्हणून 1925 साली हा ट्रॅक बांधायला घेतला आणि 1927 च्या जूनमध्ये तो सुरू झाला, हे मला पाठ होतं. त्याचा जो जुना उत्तरेकडचा भाग, नॉर्डश्लाइफ, तो 20.832 किलोमीटर लांब, म्हणजे धारगळहून निघून म्हापसा ओलांडून साधारण पर्वरी गाठावी एवढा. सत्तराहून जास्त वळणं, तीनशे मीटरचा चढउतार, दोन्ही बाजूंना जंगल. जॅकी स्टुअर्टने त्याला ‘हिरवा नरक’ म्हटलं, आणि 1968 मध्ये त्याच नरकात धुक्यापावसातून चार मिनिटांहून अधिक आघाडी घेऊन जिंकल्यामुळे त्याला तसं म्हणायचा अधिकारही होता. 1 ऑगस्ट 1976 ला निकी लाउडाची फेरारी तिथे पेटली, तो कसाबसा वाचला, आणि त्यानंतर फॉर्म्युला वनवाले या जुन्या ट्रॅकवर पुन्हा फिरकले नाहीत. गंमत अशी, की फॉर्म्युला वनला जो झेपला नाही तो तुम्हा-आम्हाला खुला आहे: शर्यती आणि चाचण्या नसतील तेव्हा फाटकावर पैसे भरायचे, रस्त्यावर चालायची परवानगी असलेली कुठलीही गाडी आत घालायची आणि फेरी मारून यायची. भाचा पुढेही बरंच काही सांगत होता. पण ‘कुठलीही गाडी’ एवढं कानावर पडलं आणि मी फोन ठेवला.

संध्याकाळी ही बातमी मी नाक्यावरच्या बाकड्यावर जाहीर केली. चहाचे पेले हवेतच थांबले. मग एकाने शांतपणे विचारलं, “अरे, हांगा मालप्याच्या घाटार तुजी गाडी दुसऱ्या गिअरार चडना, आनी तूं थंय जर्मनीत वचून कितें करतलो?” याला उत्तर नव्हतं, म्हणून मी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.

घरी वेगळाच सूर. “शर्यतच बघायची तर ग्रेटर नोएडाला ट्रॅक आहे ना?” बायको म्हणाली. तिला सगळं माहीत असतं. बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, शिवाय चेन्नईजवळ ट्रॅक आहे, कोइमतूरला आहे. “बघायची नाही, चालवायची आहे,” मी म्हणालो. ती बराच वेळ कोकमं निवडत राहिली आणि मग म्हणाली, “विम्याचा हप्ता भरलात का?” मी म्हटलं, गाडीचा पुढच्या महिन्यात आहे. ती म्हणाली, “गाडीचा नाही विचारला.”

तर, गाडी. संकेतस्थळ उघडलं, फ्रँकफुर्ट विमानतळ निवडला, आणि एकापेक्षा एक देखण्या गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकीखाली बारीक अक्षरात ‘किंवा तत्सम’ असं लिहिलेलं होतं, तिकडे कोण बघतो! मी एक लालभडक, टप उघडणारी गाडी पसंत केली, नाव-गाव भरलं, आणि शेवटी ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ अशी चौकट आली तेव्हा आपल्या घराण्याची सचोटी आठवून त्यात ‘नुरबुर्गरिंगवर चालवण्यासाठी’ असं स्वच्छ लिहिलं. दुसऱ्या दिवशी अत्यंत नम्र भाषेत पत्र आलं. गाडी मिळणार नव्हती.

भाच्याला फोन केला, तेव्हा आदल्या फोनचा उरलेला भाग ऐकायला मिळाला. “मामा, कुठलीही गाडी आत जाऊ शकते, पण भाड्याची साधी गाडी न्यायला गाडीवाल्याची बंदी असते. करारात तसं कलमच असतं, आणि कित्येकदा त्यात नॉर्डश्लाइफचं नाव घालून लिहिलेलं असतं. आत काही झालं तर विमा एक पैसा देत नाही.” मला हे पटेना. कारण लोकांसाठी ट्रॅक खुला असतो तेव्हा तो कायद्याच्या भाषेत पैसे भरून जायचा एकेरी रस्ता मानतात आणि त्यावर जर्मनीचे वाहतुकीचे नियम लागू होतात, असं मी वाचलेलं होतं. मी त्या भाडेवाल्यांना धारगळहून फोन लावला आणि हा मुद्दा माझ्या इंग्रजीत मांडला: रस्ता जर रस्ता आहे, तर रस्त्यावरची गाडी रस्त्यावर का नको? पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आपण कुठून बोलता? गोवा, मी म्हटलं. अरे वा, त्या म्हणाल्या, तुमच्याकडचे समुद्रकिनारे फार छान असतात म्हणे.

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. किनाराही सगळ्यांना खुलाच असतो. आमचा मोरजीचा गाडीवाला भरतीच्या वाळूकडे ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने जर्मनीतला गाडीवाला नुरबुर्गरिंगकडे बघतो. आणि वाळूत गाडी घालायची परवानगी लेखी मागणारा पाहुणा त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा.

मग भाच्याची स्वतःची गाडी उरली. ती निघाली ऑफिसने दिलेली, तिच्या कागदातही तेच कलम. “आणि कलम नसतं तरी,” भाचा म्हणाला, “मामा, मी तुमच्या शेजारी बसून आंबोली घाट पाहिलेला आहे.”

पण देव दयाळू आहे आणि जर्मन लोक व्यवहारी. ट्रॅकच्या आसपासच्या गावांत खास त्याच कामासाठी गाड्या भाड्याने देणारे लोक आहेत. त्यांच्या गाड्यांत लोखंडी पिंजरा बसवलेला असतो, सीट शर्यतीच्या, ब्रेक दणकट, आणि दर दिवसावर नाही तर फेऱ्यांवर. दरपत्रक आलं. वरच्या ओळीत पोर्शे होती. तिची किंमत रुपयांत केली आणि डोळे मिटून घेतले. मग दरपत्रकाच्या दुसऱ्या पानावर आलो. गाडीला इजा झाली तर अमुक युरोपर्यंत तुमच्या खिशातून, गाडी ओढून आणायचे वेगळे, आणि कडेचं लोखंडी रेलिंग वाकवलंत तर जेवढं वाकलं तेवढं बदलायचा खर्चही तुमचाच. आमच्याकडे गाडी शेजाऱ्याच्या गडग्याला लागली तर शेजारी महिनाभर बोलत नाही. हिशेब केला तर शेजारी पुष्कळ स्वस्त पडतो.

अशा रीतीने परवडत परवडत मी दरपत्रकाच्या अगदी तळाशी आलो. तिथे जी गाडी होती तिचं नाव सुझुकी स्विफ्ट.

आमच्या दारात स्विफ्ट उभी असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला आम्ही तीच नेतो. बायकोने दरपत्रक हातात घेतलं, चष्मा लावला, पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, “म्हणजे दारातली गाडी चालवायला तुम्ही सहा-सात हजार किलोमीटर जाणार?” मी तिला समजावलं, की ती स्विफ्ट स्पोर्ट आहे, तिच्यात पिंजरा आहे, खोलगट सीट आहेत, खास टायर आहेत. “आपलीच गाडी,” ती म्हणाली, “आत पिंजरा.” यावर खरं म्हणजे वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर कागद. आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी फॉर्म 4-अ, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, डॉक्टरांचा दाखला आणि एक हजार रुपये लागतात. एक छोटीशी पुस्तिका मिळते, तिची मुदत जास्तीत जास्त वर्षभराची. खात्यातल्या माणसांनी सगळं भराभर करून दिलं. वेळ लागला तो आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे, कारण ‘वाहन चालवण्यास योग्य’ या ओळीपुढे सही करण्याआधी ते पेन हातात धरून माझ्याकडे पाहतच राहिले. मग गाडीच्या अनामत रकमेसाठी चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड हवं, डेबिट चालणार नाही, असं कळलं. घरात क्रेडिट कार्ड एकच, ते बायकोच्या नावावर, कारण व्यवहारज्ञानही तिच्याच नावावर. मी नवीन कार्ड काढलं, तर त्याची मर्यादा अनामतीहून कमी. मर्यादा वाढवायला फोन केला, पलीकडच्या मुलीने कारण विचारलं, आणि मी पुन्हा एकदा सचोटीने ‘शर्यतीच्या ट्रॅकसाठी’ असं सांगितलं. तिने बहुतेक घोड्यांची शर्यत समजली. पुढचा फोन बायकोने केला आणि ‘पर्यटन’ असं सांगून काम करून घेतलं.

सरावही केला. जर्मनीत स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला, म्हणून मी रोज सकाळी दारात उभ्या असलेल्या आमच्या स्विफ्टच्या डावीकडच्या सीटवर बसून हवेत स्टिअरिंग फिरवायचो आणि उजव्या हाताने खरा गिअर बदलायचो. सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर पहिल्या दिवशी थांबून बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याने आमच्या घरापुढे भोंपूच वाजवायचा बंद केला, आणि आम्हाला नाश्त्याला काही दिवस पेज खावी लागली.

निघायच्या दिवशी आंतरराष्ट्रीय परवान्याची ती पुस्तिका मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांधली होती. मोपाला पोचल्यावर बायको म्हणाली, “आणि मूळचं लायसन्स?” त्या पुस्तिकेला एकटीला काडीची किंमत नसते, सोबत मूळ लायसन्स दाखवावंच लागतं, हे मला पाठ होतं. लायसन्स मात्र धारगळला, स्विफ्टच्या डॅशबोर्डमध्ये, सराव करताना वातावरण खरं वाटावं म्हणून ठेवलं होतं तिथेच होतं. शेजाऱ्याच्या मुलाने ते स्कूटरवरून आणून दिलं. विमानतळ पेडणे तालुक्यात आल्याने आमच्या लोकांचा नेमका काय फायदा झाला, यावर मी बाकड्यावर पुष्कळ वाद घातले होते. त्यातली माझी बाजू मी तिथेच सोडली.

तर असे आम्ही एकदाचे आयफेलमध्ये. बाराव्या शतकातल्या नुरबुर्ग किल्ल्याचा बुरूज डोंगरावर, खाली गर्द जंगल, आणि त्या शांततेत मधूनच इंजिनांचा आवाज. त्या आवाजालाही तिथे डेसिबलची मर्यादा आहे. 2024 च्या डिसेंबरात आमच्या गावात सनबर्न हा संगीत महोत्सव झाल्यापासून डेसिबल म्हणजे काय ते धारगळच्या आज्यांनाही कळतं, त्यामुळे मी तेवढ्यापुरता जाणकार चेहरा केला. गाडी देणाऱ्या तरुण मुलीने नियम सांगितले: ओव्हरटेक फक्त डावीकडून, मागून कोणी वेगाने आला तर उजवीकडे राहायचं, उजवा इंडिकेटर द्यायचा आणि त्याला जाऊ द्यायचं, कुठेही थांबायचं नाही, आणि फेरीची वेळ मोजायला सक्त मनाई. हा शेवटचा नियम मला मनापासून आवडला. मग ती म्हणाली, पहिल्या फेरीत समोर बघाल तितकंच आरशात बघा. मी होकार दिला. हेल्मेट घातलं, शेजारी भाचा बसला, आणि बायको ब्रुन्शेनला, जिथे उताराच्या वळणावर लोक खुर्च्या टाकून इतरांच्या चुका बघायला बसतात, तिथे इतर लोकांबरोबर जाऊन बसली.

फाटक उघडलं आणि मी पहिला गिअर बदलण्यासाठी सवयीने डावा हात खाली नेला. तिथे दरवाजा होता. काच खाली गेली. हेल्मेटात आयफेलचा वारा शिरला, काच वर करावी तर हात मोकळा नाही, आणि तेवढ्यात आरशात एक पोर्शे दिसली, जी डोळ्यांची पापणी लवेपर्यंत आरशात मावेनाशी झाली. नियम आठवला: उजवीकडे राहा, उजवा इंडिकेटर द्या. आता धारगळच्या स्विफ्टला इंडिकेटर उजव्या हाताला असतो आणि वायपर डाव्या. तिकडच्या स्विफ्टला बरोबर उलट. मी उजव्या हाताने इंडिकेटर दिला आणि वायपर चालू झाला. पोर्शे गेली. मागून दुसरी आली, मी पुन्हा इंडिकेटर दिला, वायपर जोरात फिरायला लागला. मग आणखी एक गाडी, मग तीन एकदम, मग टपावर सामान बांधलेली एक कुटुंबवत्सल व्हॅन, जिच्या मागच्या काचेतून दोन मुलांनी मला प्रेमाने टाटा केला. आणि प्रत्येकाला मी मनःपूर्वक रस्ता देत होतो आणि प्रत्येक वेळी कोरड्या, स्वच्छ, लख्ख उन्हातल्या काचेवर माझे वायपर जास्तच उत्साहाने नाचत होते.

“मामा, इंडिकेटर,” भाचा म्हणत होता.

“दिलाय,” मी म्हणत होतो.

व्हॅनने मागे टाकलं याचं मला वाईट वाटलं नाही. शेजारच्या आडेनाऊची झाबीने श्मित्झ, जिने 1996 आणि 1997 ला इथली चोवीस तासांची शर्यत जिंकली, तिने एकदा माल वाहायची डिझेलची फोर्ड ट्रान्झिट इथे दहा मिनिटं आठ सेकंदांत फिरवली होती. टिमो बर्नहार्डने 2018 मध्ये खास बांधलेली पोर्शे पाच मिनिटं एकोणीस सेकंदांत फिरवली. माझी वेळ सांगायला नियमाने बंदी आहे. कारुसेल नावाचं ते सिमेंटच्या तिरक्या खोबणीचं प्रसिद्ध वळण आलं, तिथे सगळे खोबणीत उतरून दात खिळखिळे करून घेतात. मी सभ्यपणे वरच्या सपाट रस्त्याने गेलो. ब्रुन्शेनला शेकडो लोक मोबाइल रोखून बसले होते. त्यांना अपघात हवा होता. त्यांना वायपर मिळाला.

फेरी संपवून बायकोला भेटलो, तर तिने आधी आभाळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “तुमच्या बाजूला पाऊस होता का?”

पुढची फेरी सुरू करणार, तोच कोणाची तरी गाडी रेलिंगला लागली आणि ट्रॅक बंद झाला. तिथे हे नेहमीचंच असतं. मी चेहऱ्यावर निराशा आणली. भाच्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. ट्रॅक पुन्हा उघडला तेव्हा त्याने नम्रपणे किल्ली मागितली. दुसरा चालक म्हणून त्याचं नाव त्याने आधीच, जास्तीचे पैसे भरून, कागदावर घालून ठेवलं होतं. मी उजवीकडे बसलो, हात मांडीवर ठेवले, आणि नुरबुर्गरिंग पहिल्यांदा पाहिला. काय सुंदर ट्रॅक आहे! झाडांच्या बोगद्यातून रस्ता खाली कोसळतो, तळाशी पोट आत जातं, तसाच समोरच्या भिंतीवर चढतो, आणि वळणापलीकडे काय आहे ते वळेपर्यंत कळत नाही. माझ्या फेरीत मला फक्त आरसा दिसला होता.

तेव्हा वाचकहो, तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. ट्रॅक लोकांसाठी कधी खुला आहे ते वेळापत्रक आधी बघा, कारण आठवड्यात कित्येकदा संध्याकाळचे एक-दोन तासच मिळतात. साधी भाड्याची गाडी फक्त तिथवर पोचायला घ्या, आत घालायला तिथलीच गाडी घ्या, आणि करारातलं दुसरं पान पहिल्या पानाआधी वाचा. मूळ लायसन्स, आंतरराष्ट्रीय परवाना आणि स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड या तीन वस्तू एकाच खिशात ठेवा, आणि तो खिसा बायकोचा असेल तर उत्तम. निघण्याआधी इंडिकेटर कुठे आहे ते एकदा चाचपून बघा. मला सोबत बोलवायचं असेल तर अवश्य बोलवा, एका पायावर येईन. फक्त मला उजवीकडची सीट द्या. तिकडच्या गाड्यांना त्या बाजूला स्टिअरिंग नसतं.